उसवबाईंचा दुरंगी पडदा

त्या कारखान्यात कुणी नवीन शिवायला बसलं की कानावर पहिला शब्द पडायचा तो ‘उसव’. या बसा नाही, पाणी हवं का नाही, थेट उसव. हा शब्द ज्यांच्या तोंडून निघायचा त्या बाई जागेवरून हलतसुद्धा नसत. स्वतःच्या मशीनवरची नजर न काढता, शेजारच्या मशीनच्या नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की पलीकडे कापड सरकत नाहीये, ओढलं जातंय. त्यावरून त्यांचं नाव पडलं उसवबाई. ठेवणाऱ्यांनी ते पाठीमागे हसायला म्हणून ठेवलं होतं. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, चांगलं आहे की, शिवतात तर सगळेच. झालं, हसणाऱ्यांची मजाच गेली आणि नाव तोंडावर घेतलं जाऊ लागलं.

कारखाना पडद्यांचा. खिडक्यांच्या नव्हे, नाट्यगृहांच्या आणि सभागृहांच्या पडद्यांचा, जे वाहून न्यायला अख्खी टोळी लागते. खोली लांबलचक, आणि कापायचं टेबल इतकं लांब की या टोकाच्या माणसाशी त्या टोकाच्या माणसाला भांडायचं झालं तर आधी चालत जावं लागे, आणि तिथं पोचेपर्यंत निम्मा राग उतरलेला असे. मखमल कापली की तिची बारीक लव हवेत उडते. संध्याकाळी घरी जाताना सगळ्यांच्या भुवया त्या दिवशीच्या पडद्याच्या रंगाच्या झालेल्या असत.

टेबलाशी कात्री घेऊन उभे असायचे ते मास्तर. ते उसवबाईंचे नवरे. एकानं कापायचं आणि दुसरीनं जोडायचं, असा हा संसार कारखान्यातही चालायचा आणि घरीही. मास्तर अबोल. सुईत दोरा ओवता येईल एक वेळ, पण त्यांच्या तोंडून सबंध वाक्य काढणं कठीण. उसवबाईंचं मात्र तसं नव्हतं, त्यामुळे घरात शब्दांचा तुटवडा कधी पडला नाही. कामात दोघांचं इतकं जमलेलं की मास्तरांनी खडूनं एक रेघ ओढावी आणि बाईंनी अख्खा पडदा समजून घ्यावा. हे कौतुक सगळा कारखाना करायचा. या कौतुकातच एक दिवस घात होणार होता, पण ते नंतर.

उसवबाई काही पोटातून हुशार होऊन आल्या नव्हत्या. अगदी लहान वयात कामाला लागल्या तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी एका मागच्या पडद्याचं अस्तर उलटं लावलं. लक्षात आल्यावर इतका संताप आला की त्यांनी शिवण दोन्ही हातांनी धरून टराटरा ओढली. शिवण तर सुटली नाहीच, कापड मात्र फाटलं. तेव्हा तिथं थोरल्या बाई म्हणून मुख्य शिवणकरीण होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फाटका तुकडा पोरीच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, आता मला दाखव, तुझं चुकायला कुठून लागलं? पोरीला सांगता येईना. कसं येणार? जिथून चुकलं होतं ती जागाच फाटून गेली होती. थोरल्या बाई म्हणाल्या, बघ, कापडही गेलं आणि चूकही गेली. उसवलं असतंस तर दोन्ही हाताशी राहिली असती.

चूक हाताशी राहावी असं म्हणणारं माणूस त्या पोरीला पहिल्यांदाच भेटलं होतं. तिच्या घरी चूक म्हणजे केर, झाडून बाहेर टाकायची आणि वर रांगोळी काढायची. तेव्हापासून ती उसवायला लागली. एकेक टाका, शेवटाकडून मागे मागे, पहिला चुकलेला टाका सापडेपर्यंत. आणि तिच्या लक्षात आलं की चूक दिसते एकीकडे आणि सुरू होते भलतीकडेच. खाली झोळ आलेला असतो आणि चुकलेला टाका वर कोपऱ्यात, हात पोचणार नाही अशा ठिकाणी, साळसूदपणे बसलेला असतो.

म्हणजे नंतर त्या चुकल्याच नाहीत असं नाही. चुकल्या, आणि भरपूर चुकल्या. लग्नानंतर एकदा त्यांना वाटलं की पडदे शिवतो तर कपडे शिवणं काय अवघड. त्यांनी मास्तरांसाठी सदरा शिवला. टीप अशी सरळ की पट्टी लावून बघावी. मास्तर तो घालून एका कार्यक्रमाला गेले, आणि लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा ते हात मांडीवर ठेवून गंभीरपणे बसून राहिले. लोकांना वाटलं यांना कार्यक्रम आवडला नाही. खरी गोष्ट अशी की हात वर उचलले असते तर सदरा सोबत आला असता. घरी आल्यावर बाईंनी सदरा उसवला, पूर्ण मांडून बघितला आणि निष्कर्ष काढला की पडद्याला काख नसते. मग दुसरा सदरा शिवला, तो बरा झाला. तिसरा मास्तरांनी फाटेपर्यंत वापरला.

असं हे सगळं सुरळीत चाललेलं असताना घरात सून आली. मुलगा मालगाडीवर कामाला, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. सून चुणचुणीत, नीटनेटकी, वागायला गोड, पण हातात काही घेतलं की आधी घाबरायची. त्याला कारण होतं. लग्नाआधी तिनं हिशेबनिसाची परीक्षा दिली, ती गेली. मग मैत्रिणीबरोबर शाळेसमोर वह्या-पेन्सिलींचं दुकान काढलं, तर शाळाच दुसरीकडे गेली. तिच्या आत्यानं चारचौघांत सांगून टाकलं की या मुलीच्या हाताला यश नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलणारीचं काय जातं? पण त्या मुलीनं ते वाक्य जपून ठेवलं आणि सासरी येताना बरोबर आणलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणायची, माझ्या हातालाच यश नाही.

उसवबाईंना हे वाक्य आवडायचं नाही. शाळा उठून गेली त्यात तुझ्या हाताचा काय संबंध, असं त्या तिला म्हणाल्याही. पण नुसतं म्हणून भागत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मालकांना सांगून सुनेला कारखान्यात आणलं आणि शेजारच्या मशीनवर बसवलं. पहिल्या आठवड्यात सुनेनं रोज उसवलं. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड. काही महिन्यांत तिची टीप अशी सरळ पडायला लागली की उसवबाईंना शेजारून आवाज ऐकूनही काही बोलायला मिळेना, आणि त्याचा त्यांना बोलून न दाखवलेला अभिमान वाटायला लागला.

आणि मग तो पडदा आला. एक नाट्यगृह नव्यानं उघडणार होतं. त्याचा मुख्य पडदा म्हणजे गडद किरमिजी मखमल, छतापासून जमिनीपर्यंत, मधोमध उघडणारा. डावा अर्धा आणि उजवा अर्धा. उसवबाईंनी मालकांना सांगितलं की उजवा मी शिवते, डावा सून शिवेल. मालक जरा बिचकले. मालक तसे भले माणूस, पण काळजी करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. एवढं मोठं काम नव्या हातात द्यायचं म्हणजे, असं ते म्हणायला लागले, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, तिच्या टिपेची जबाबदारी माझी. सून शेजारीच उभी होती. तिचा चेहरा असा उजळला की उसवबाईंना ते पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

पडदा वेळेत झाला. नाट्यगृहात टांगला. रंगमंचावरच्या दिवेवाल्यानं सगळे दिवे लावले आणि पडदा मध्यावर येऊन मिटला.

उजवा अर्धा पिकल्या जांभळासारखा गडद होता. डावा अर्धा विटेच्या रंगाचा.

दिवेवाला आपला साधा माणूस. त्यानं वरून विचारलं, “दोन रंगांचा मुद्दाम केलाय का?”

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आधी कापडाच्या व्यापाऱ्याला दोष दिला. पण मखमल एकाच ताग्याची, एकाच रंगातली, हे मास्तरांनीच तपासून घेतलेलं. मास्तर पुढे झाले, त्यांनी डाव्या अर्ध्यावर वरून खाली हात फिरवला, मग उजव्यावर फिरवला, आणि एवढंच म्हणाले, “डावा उलटा शिवलाय.”

मखमलीची लव एका बाजूला निजलेली असते, मांजराच्या पाठीवरच्या केसांसारखी. पडद्यात ती खाली निजली असेल तर धूळ बसत नाही, पण दिव्याचा उजेड तिच्यावरून घसरतो आणि रंग फिका दिसतो. वर निजली असेल तर उजेड आत शिरतो आणि रंग गडद दिसतो. कारखान्यात ट्यूबलाइट, त्यात शिवताना कापड आतल्या बाजूनं दुमडलेलं, आणि दोन अर्धे कधी शेजारी टांगलेच नव्हते. कुणाच्या लक्षात येणार? सून रंगमंचाच्या कडेला उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, जणू ते कुणी बघू नयेत. उसवबाईंनी ते बघितलं, आणि त्यांना पडद्यापेक्षा त्याची भीती वाटली.

परत येईपर्यंत खापर कुणावर फोडायचं ते ठरून गेलं होतं. मालकांचा हिशोब सोपा होता. उजवा बरोबर, डावा चूक, डावा कुणी शिवला? सुनेनं. मग सूनबाईंनी आता मशीनवर बसू नये. शिवणकामात शिकणाऱ्याचं काम घड्या घालण्याचं, तिनं घड्या घालाव्यात. मालक रागावून बोलत नव्हते, समजुतीनं बोलत होते, आणि तेच जास्त लागत होतं. कापड नवं आणायला तर वेळच नव्हता, उद्घाटन तोंडावर आलं होतं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना त्यांनी तात्पुरतं सांगून ठेवलं की पडद्याची थोडी इस्त्री राहिली आहे.

संध्याकाळी घरी मास्तरांनीही तेच म्हटलं, फक्त कमी शब्दांत. मी कापडावर खडूचे बाण बरोबर काढले होते, असं ते म्हणाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. उसवबाई काही बोलणार तेवढ्यात सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “आई, मी उद्यापासून येत नाही. आत्या म्हणत होती ते खरं आहे. मी ज्याला हात लावते ते बिघडतं.”

उसवबाईंना त्या आत्याचा असा राग आला की ती समोर असती तर तिचीच शिवण उसवली असती. पण त्यांनी स्वतःला आवरलं. ‘नाही गं, तुझं काही चुकलं नाही’ असं म्हणायला काय लागतं? पण ते खोटं होतं, आणि खोट्या धीरानं माणूस आणखीनच खचतं, हे त्यांना माहीत होतं.

“येऊ नको,” त्या म्हणाल्या. “पण उद्या ये. चुकलं कुठून ते कळू दे, मग काय ते ठरव. फाडून जाऊ नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवून आणलेला डावा अर्धा त्या लांब टेबलावर पालथा पसरला. उसवबाईंनी मालकांना बोलावलं, मास्तरांना बोलावलं, सुनेला समोर उभं केलं. मालक म्हणाले, आता शोधून काय उपयोग, बैल गेला आणि झोपा केला. बाई म्हणाल्या, बैल गेलेला नाही, टेबलावर पडलाय, बसा.

कापडाच्या मागच्या बाजूला प्रत्येक पट्ट्यावर मास्तरांचा खडूचा बाण होता. उसवबाईंनी बोट ठेवलं आणि सुनेला विचारलं की हा बाण तुझ्या पडद्यात कुठे गेलाय. सून म्हणाली, खाली. का खाली? मास्तर मध्येच म्हणाले, बाण तर वर जायला हवा होता, लव वर हवी होती. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि मास्तरांना तो बघण्याचा अर्थ चांगला ठाऊक असल्यामुळे ते थांबले.

“तुम्हाला नाही विचारलं. तिला विचारलं. का खाली?”

“तुम्ही सांगितलं होतं,” सून म्हणाली. “पहिल्या आठवड्यात. बाण नेहमी खाली.”

हे खरं होतं. मास्तरांचा बाण म्हणजे लव जिकडे निजली आहे ती दिशा. आजवर कारखान्यानं सगळे पडदे लव खाली ठेवूनच शिवले होते, धूळ बसू नये म्हणून. त्यामुळे बाण कायम खालीच जायचा. या वेळी नाट्यगृहाला रंग गडद हवा होता, म्हणून लव वर. मास्तरांनी हे बाईंना घरी जेवताना दोन घासांच्या मध्ये सांगितलं होतं. ‘या वेळी लव वर’, एवढे चार शब्द. तेव्हा सून आत फोनवर आईशी बोलत होती. बाईंना वाटलं, मास्तर तिला कारखान्यात सांगतील. मास्तरांना वाटलं, बाई शेजारीच बसतात, त्या सांगतील. दोघांनी एकमेकांवर विश्वास टाकला आणि तो मध्येच कुठेतरी खाली पडला.

मालकांना वाटलं, संपलं, कळलं. ते उठायला लागले. उसवबाईंनी त्यांना पुन्हा बसवलं. अजून एक टाका राहिला होता, आणि तो कोपऱ्यातला होता.

“शिवताना हात फिरला असेल ना तुझा कापडावरून? हाताला काय लागलं?”

सुनेनं पट्ट्याची कड उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाली की उसवबाईंच्या मशीनवरच्या पट्ट्याहून हाताला उलटं लागलं होतं. पहिल्याच पट्ट्याला लागलं होतं. वाटलं होतं विचारावं.

“मग विचारलं का नाहीस?”

“पूर्वी एकदा विचारलं होतं. बाण खालीच का, म्हणून. तुम्ही म्हणालात, का म्हणजे काय, असंच असतं.” तिनं मान खाली घातली. “आणि परत विचारलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, हिला एवढंही कळत नाही. तुम्ही माझी जबाबदारी घेतली होती, आई.”

कारखान्यातली सगळी मशीनं थांबली होती. उसवबाईंनी आयुष्यभर लोकांना पहिला चुकलेला टाका शोधायला लावला होता, आणि आज तो शोधता शोधता दोरा त्यांच्याच बोटाला येऊन थांबला होता. त्यांना लाज वाटली. खरोखर वाटली. मुलीनं नेमकं विचारायचं तेच विचारलं होतं, आणि ज्या बाईला अख्खा गाव चुकांची जाणकार समजायचा तिनं तिला ‘असंच असतं’ म्हणून गप्प केलं होतं. थोरल्या बाईंनी कधी असं उत्तर दिलं नव्हतं.

पण लाज वाटली म्हणून बाई खचल्या असतील असं कुणाला वाटत असेल तर त्यानं त्यांना ओळखलंच नाही. त्या मालकांकडे वळल्या.

“बघा मालक. चुकली तीही, तिनं विचारायला हवं होतं. चुकलो आम्ही दोघं, आम्ही सांगायला हवं होतं. पण हे सगळं ज्या एका शब्दानं झालं तो ‘नेहमी’. तो मी दिला होता. तिच्या हाताला बरोबर कळत होतं, तिच्या डोक्यात माझा शब्द होता, आणि तिनं हाताचं ऐकलं नाही. ज्या हाताला पहिल्याच पट्ट्यात कळलं, तो हात मी घड्या घालायला लावणार नाही.”

सुनेनं वर बघितलं. आदल्या दिवशीपासून पहिल्यांदाच.

मालकांनी हात जोडले आणि म्हणाले, शोध उत्तम लागला, पण पडद्याचं काय? विटेच्या रंगाचा अर्धा घेऊन मी व्यवस्थापकांपुढे कसा उभा राहू? सगळे पट्टे सुटे करायचे आणि एकेक उलटवून पुन्हा जोडायचे म्हणजे नवा पडदा शिवण्याइतकंच काम, आणि तेवढा वेळ नव्हता.

सून टेबलाच्या कडेनं चालत होती. एका टोकाला वरची पट्टी, रिंगांची, जिथून पडदा टांगतात. दुसऱ्या टोकाला खालची रुंद दुमड, जिच्यात पडद्याला वजन यावं म्हणून साखळी घालतात. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली आणि पुन्हा गेली. मग थांबली.

“पट्टे कशाला सुटे करायचे?” ती हळूच म्हणाली. “सगळेच उलटे आहेत. म्हणजे एकमेकांशी सरळच आहेत ना? मग अख्खा अर्धाच फिरवला तर? वरचं खाली, खालचं वर. फक्त दोन टोकं उसवायची.”

मास्तरांनी लगेच टेप काढली. आता बोलायचं तर टेपेनं बोलावं असा त्यांचा स्वभाव. वरच्या पट्टीच्या रिंगांची भोकं खाली आली तर रुंद दुमडीत आत जाऊन लपणार होती. खालच्या दुमडीची घडी मोडल्याची रेघ वर छताजवळ जाणार, तिथं कोण बघतंय? कडेची बाजू बदलेल, तिथली पट्टी काढून दुसरीकडे लावावी लागेल. मास्तरांनी हे सगळं मोजलं, टेप गुंडाळली आणि म्हणाले, “बसतंय.” त्यांच्या तोंडून हे म्हणजे भाषणच.

उसवबाई इतकी वर्षं उसवत होत्या, पण अख्खा पडदा फिरवायचं त्यांना सुचलं नसतं. त्या टाके मोडून मागे जाण्यात तरबेज होत्या. मोडायचं किती आणि राखायचं किती, हे त्या मुलीनं बघितलं होतं. बाईंना हेवा वाटला आणि आनंदही झाला, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे त्या उगाचच मालकांवर खेकसल्या की चहा सांगा, काम पडलंय.

सुनेनं उसवलं, सुनेनंच शिवलं. उसवबाई शेजारी बसून साखळी ओवत राहिल्या आणि मशीनच्या आवाजाकडे कान लावून राहिल्या. काही बोलायची गरज पडली नाही. फक्त वरची पट्टी लावण्याआधी सुनेनं स्वतः त्यांना विचारलं, मास्तरांना विचारलं, आणि मग कापडावर हात फिरवून तिघांना दाखवून दिलं. बाकीचे शिवणकर हसत होते की सूनबाई आता ताकही फुंकून पितात. हसू देत, उसवबाई म्हणाल्या, फुंकून प्यायलं तर ताक कमी होत नाही. त्या दिवसापासून मास्तरांच्या बाणाशेजारी खडूनं दोन शब्द यायला लागले, ‘इकडून टांगा’. आणि नव्या माणसाला उसवबाई बाण दाखवायच्या तेव्हा आधी मखमलीचा तुकडा त्याच्या हातात द्यायच्या, त्याच्याकडून दोन्ही बाजूंनी हात फिरवून घ्यायच्या, आणि दिव्याखाली धरायला लावायच्या. शिकवायला वेळ जास्त लागायचा, पण मग उसवायला कमी लागायचा.

पडदा पुन्हा टांगला तेव्हा व्यवस्थापक स्वतः हजर होते. दिवेवाल्यानं दिवे लावले, दोन्ही अर्धे मध्यावर आले, आणि कुठे डावा संपतो आणि कुठून उजवा सुरू होतो हे शोधून काढावं लागलं. सगळा पडदा एकाच गडद जांभळ्या-किरमिजी रंगात शांत उभा होता. मालकांनी इतका मोठा श्वास सोडला की पडदा हलला असेल. भरात ते बाईंच्या कानाशी म्हणाले की, चला, चुकलेला अर्धा कोणता ते आता ओळखूसुद्धा येत नाही. नाट्यगृहाचं बांधकामच असं की रंगमंचावर कुजबुजलेलं शेवटच्या रांगेत ऐकू जावं. व्यवस्थापक पहिल्याच रांगेत उभे होते.

“चुकलेला अर्धा?” त्यांनी विचारलं.

मालक गडबडले. किरकोळ, इस्त्रीचं, धाग्याचं, असं काहीबाही सुरू झालं. उसवबाई तोंड उघडणार होत्या. त्यांचं वाक्य तयारसुद्धा होतं, चूक त्या स्वतःकडे घेणार होत्या. पण त्याआधी सून पुढे आली. हात मोकळे, पदर खोचलेला.

“डावा,” ती म्हणाली. “मी शिवला होता. उलटा शिवला होता. कसा चुकला ते दाखवू का? मजेशीर आहे.”

आणि तिनं व्यवस्थापकांना पडद्याशी बोलावलं, त्यांना हात फिरवायला लावला, आधी खालून वर, मग वरून खाली. लव कशी निजते, उजेड कसा आत शिरतो, बाण काय सांगत होता आणि तिला काय वाटलं, अख्खा अर्धा कसा फिरवला, सगळं सांगितलं. कुणावर ढकललं नाही, रडली नाही, माफीही मागितली नाही. व्यवस्थापक आधी गंभीर होते, मग लहान मुलासारखे मखमलीवर बोटानं रेघा ओढायला लागले. शेवटी म्हणाले की बाजूचे पडदेही तुमच्याकडेच करू, आणि तेही यांनीच शिवावेत.

मालकांचा चेहरा फुलला. ते हो म्हणणार तेवढ्यात सुनेनं विचारलं, “बाजूच्या पडद्यांची लव कुठे हवी? वर की खाली?”

व्यवस्थापक म्हणाले, खाली, तसंच असतं ना सगळीकडे.

“का?”

त्यांना सांगता येईना. ते दिवेवाल्याकडे बघायला लागले, दिवेवाला छताकडे.

“मग विचारून कळवा,” सून म्हणाली. “तोवर मी कापडाला कात्री लावू देणार नाही.”

कात्री ज्यांच्या हातात असायची त्या मास्तरांनी मुकाट्यानं मान डोलावली. उसवबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी सगळ्यांसमोर पुसलं.